गेर्डाचा बाऊल

इंग्लंडात स्लाऊला आमच्या शेजारी गेर्डा राहायची, जर्मन बाई. बटरवर मैदा भाजायची, दूध-क्रीम ओतून त्यात नवलकोल शिजवायची, वर जायफळ किसायची आणि बाऊल भरून आमच्याकडं द्यायची.

"अहो, भांडं रिकामं नाय द्यायचं हां," आमची सुलक्षणा म्हणायची. मग कधी शिरा, कधी चिवडा जायचा. आठ वर्षं असंच चाललं. सुलक्षणाचं दुखणं वाढलं, तसा तेवढा नवलकोलच तिच्या घशाखाली उतरायचा. तरी पडल्यापडल्या मला दटावायची, "निदान बिस्किटं तरी घाला त्यात."

मंगळवारी सकाळी मी बाऊल धुऊन घेऊन गेलो. गेर्डा नवलकोल ढवळत होती.

"थांब नंदू, झालंच. गरम गरम ने तिला."

मी बाऊल तसाच रिकामा ओट्यावर ठेवला. तिनं आत बघितलं आणि गॅस बंद केला.