वंशावळीचा कॉम्प्युटर

कोपरच्या गोपीनाथने घराण्याची वंशावळ उतरवायला घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि तो पसंत करायला थोरल्या बहिणीला, ठमाबाईला, ठाण्याच्या दुकानात नेलं. मिठागरात राबलेल्या सात पिढ्यांची नावं आता फक्त तिलाच तोंडपाठ होती. दुकानदाराने नमुन्यादाखल वडिलांपासून सुरुवात केली. वडिलांच्या नावाखाली ठमा उमटली, शेजारी गोपीनाथ. पडद्यावर आपलं नाव बघून ती लहान मुलीसारखी हसली. "नाव खोडता येतं का?" गोपीनाथने विचारलं. दुकानदाराने एक बटण दाबलं. ठमा गेली आणि गोपीनाथ सरकून बरोबर वडिलांच्या खाली, मधोमध आला. खाडाखोडीची खूणसुद्धा राहिली नाही. "हाच द्या," गोपीनाथ खूश होऊन म्हणाला. मग बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून त्याने समजावलं, "बाय, जमिनीच्या वारसांसाठी हीच वंशावळ द्यायची हाय. आता लेकींचापण हिस्सा निघतो. तुला कशाला या वयात कचेरीचे हेलपाटे?" याच भावाची शी-शू तिने कधी नाक न मुरडता काढली होती. आज त्याच्या घामट हाताचा स्पर्श तिला अंगावर पाल पडल्यासारखा वाटला. तिने तो झटकला आणि पदराने खांदा पुसला. "आजी, आता वरच्या पिढ्या सांगा," दुकानदार म्हणाला. "तुमच्या आजोबांच्या वडिलांचं नाव?" गोपीनाथला ते ठाऊक नव्हतं, तो तिच्या तोंडाकडे बघू लागला. "मी या घरातली नाय," ठमाबाई म्हणाली, "मना कसं म्हाईत असंल?" आणि दुकानाची पायरी उतरली.