कच्ची केळी

रुआंडाच्या त्या टेकडीवर कोयतेवाले तुत्सी जमातीच्या लोकांना मारायला शोधत घरोघर फिरत होते. वेरेदियानाने आपल्या तुत्सी शेजारणीला, दाफ्रोजाला, परसातल्या केळी पिकवायच्या खड्ड्यात लपवलं आणि श्वासापुरती फट ठेवून वर पाला-माती लोटली.

"दारूसाठी केळी पिकायला पुरलीत," तिने टोळीला सांगितलं.

"म्हणजे तीन दिवसांत पिकतील. चौथ्या दिवशी आम्हीच येऊन उकरून देतो, मावशी. तुम्ही कशाला कंबर मोडता?"

तीन दिवस टोळी वाटेवरच ठाण मांडून होती. दाफ्रोजाला हलवणार कुठे? चौथ्या दिवशी ते फावडी घेऊन आले आणि त्यांच्या मागोमाग डोक्यावर दारूचं मडकं घेऊन पलीकडची पेलाजी. तिच्या तोंडाळपणाला वेरेदियाना टोळीहून जास्त भ्यायची.

"हिने पुरण्याआधी जाळ करून खड्डा धड तापवलाही नसेल," पेलाजी म्हणाली. "चाळीस वर्षं बघतेय, हिची केळी कधी वेळेत पिकलीत? कच्ची उकराल तर सगळी वाया जातील. माझी दारू तयार आहे, ती प्या."

टोळी हसली, प्यायली आणि निघून गेली.



रिकामं मडकं उचलताना पेलाजी हळूच म्हणाली, "रविवारी ते माझा खड्डा उकरायला येणारेत. तेव्हा तू मला अशीच नावं ठेवायला ये. आत तिघं आहेत."