म्हातारा गोलकीपर

गॅरेथ घरी आला तेव्हा त्याची पोर टिली कॉम्प्युटर गेममध्ये फुटबॉल क्लब चालवत होती. त्यातही तिनं बाप ज्या क्लबकडून खेळतो तोच घेतला होता.

“डॅड, पगार परवडत नाहीयेत रे! कुणाला काढू?”

“म्हातारा गोलकीपर काढ. नुसता बाकावर बसून पगार खातो.”

“अरे, तो तर तूच आहेस!”

“म्हणून काय झालं? आत बोलाव, चहा पाज, पोरगी कशी आहे विचार. आणि चहा निवायच्या आत सांगून टाक, यंदा करार नाही म्हणून.”

टिली खिदळली. “मग तो बिचारा काय करणार?”

ग्लोव्हज आणि बूट कोंबलेली काळी पिशवी हातात धरून गॅरेथ अजून दारातच उभा होता.

“तेच सुचत नाहीये गं.”