पटलावरचे बाबा

दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे वळताच चार वर्षांच्या शाल्मलीच्या डाव्या डोळ्याची बाहुली अर्धा मिलिमीटर रुंदावली. रोगट दृष्टिपटल काढून बसवलेल्या कृत्रिम पटलाला चेहरे शिकवताना तिचे बाबा सहा महिने रोज तिथेच बसत. त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी पटल तिला त्या खुर्चीत बाबा दाखवत होतं. ती प्रतिमा पुसायची म्हटलं की तिची आई रेवती म्हणायची, "पुढच्या वेळी बघू."

शाल्मलीने आईच्या ओठावरून बोट फिरवलं. "आई, तुला बाबांसारखी मिशी कशी आली? दिसते, पण लागत नाही."

"प्रतिमा पसरतेय," डॉक्टर पेंढारकर हलकेच म्हणाल्या. "महिन्याभरात तिला प्रत्येक माणसाच्या जागी तेच दिसतील."

"तुम्हालापण आहे!" शाल्मली त्यांना म्हणाली आणि खुदकन हसली.

रेवतीने लेकीचं बोट मुठीत घट्ट धरलं.

"पुसा, डॉक्टर. आजच पुसा."