चित्राच्या पाठीवरचं बदक

वडिलांचा शेवटचा दिवसही नेहमीसारखाच होता. ओदील धूळ पुसायला नदीचं चित्र उतरवत होती, तेव्हा वडील खुर्चीतून ओरडले, “मागचं बदक पुसू नकोस! तुझी लहानपणची कलाकारी आहे.” “पापा, मला अजून बदक काढता येत नाही,” ती हसली. त्याच रात्री ते गेले. आता फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या लिलावात ती ते चित्र विकायला आली होती. लिलाववाला पापा सांगायचे तीच गोष्ट सांगत होता, “पॅरिस इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना हसत होतं, तेव्हा यांच्या पणजोबांनी थेट चित्रकाराकडून घेतलेलं!” आईने मात्र एकदाच सांगितलं होतं, दुसऱ्या महायुद्धात पोलिसांनी धरून नेण्याआधी शेजारच्या वाइल या ज्यू कुटुंबाने ते सांभाळायला दिलं. कोणी परतलं नाही, त्यांची छोटी मुलगीही नाही. एक दलाल म्हणाला, “चित्राची पाठ दाखवा हो, तोंडावर कोण भुलतंय!” चित्र फिरवलं. लाकडावरच्या वाकड्या बदकाला सभागृह हसलं. ओदील पापा समोर असल्यासारखी मोठ्याने म्हणाली, “पापा, ते बदक वाइलांच्या मुलीचं आहे. चित्रही त्यांचंच.”