तलवार बदकांचे वाळे

गंबोचा, बदकाच्या दाट रश्श्याचा, दुसरा चमचा तोंडाकडे नेता नेता लायल पेनर थांबले. त्यांची नजर तेओजेनच्या गळ्यावर खिळली होती. बदकांना साद घालायची शिट्टी ज्या दोरीत असते, त्या दोरीभर ॲल्युमिनियमचे वाळे ओवलेले होते. म्हातारा हसला की ते किणकिणत.

एलॉडीने मान खाली घातली. आज तरी वडिलांनी ती दोरी काढून ठेवायला हवी होती.

"जेवा की, पेनरसाहेब," तेओजेन म्हणाला. "वर गवतात पिल्लं तुम्ही वाढवायची, खाली पातेल्यात आम्ही घालायची. भागीदारी आहे आपली!"

त्याचा चुलतभाऊ ओविद टेबलावर थाप मारून हसला. पेनर हसले नाहीत.

ते कॅनडातल्या गवताळ मुलखाचे, तिकडच्या सरकारचे अधिकारी. तिथे उन्हाळ्यात तलवार बदकांच्या पायांत वाळे घालायचे. हिवाळ्यात इथे, लुईझियानाच्या दलदलीत, ज्याच्या बंदुकीला असं बदक लागेल त्याने फोन करून वाळ्यावरचा आकडा कळवायचा. कळवलेल्या वाळ्यांवरून मेलेल्या बदकांचा अंदाज बांधायचा आणि पुढच्या हंगामात माणशी किती मारू द्यायची ते ठरवायचं. एलॉडी याच किनाऱ्याची लेक, आता सरकारची बदकतज्ज्ञ. कालच्या बैठकीत पेनरनी विचारलं होतं, "तुमच्याकडून वाळे इतके कमी का कळवले जातात? लोक लपवत तर नाहीत?"

"माझी माणसं खोटं बोलत नाहीत," ती उभी राहून म्हणाली होती.

वाळे कमी म्हणजे मेलेली बदकंही कमी, असं धरून त्या एका वाक्यावर शिकारीची मर्यादा वाढवायचं ठरलं. कॅनडाच्या बाजूने पेनरची सही तेवढी राहिली होती. ती झाली की तेओजेनची नाव पुन्हा शिकाऱ्यांनी भरणार होती. मर्यादा घटल्यापासून ती निम्मा हंगाम धक्क्यालाच बांधलेली असायची.

पेनरनी दोरीकडे बोट केलं. "हे कळवलेत?"

"कळवायचे कशाला?" ओविद बोलून गेला. "जितके कमी वाळे कळतील, तितकी जास्त बदकं मारू देतात! अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक—" एलॉडीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तसा तो गप्प झाला.

"पापा!" एलॉडीचा आवाज चिरकला. "तुम्ही वाळे कळवत नाही?"

तेओजेन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं.

"नाही कळवत," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "पोरीला यातलं काही माहीत नाही, साहेब. मीच सगळ्यांना अडवलं. तिच्या कानावर गेलं असतं तर तिने चालू दिलं असतं का?"

पेनरनी हातातला चमचा खाली ठेवला.

"वसंतात माद्या परतेनात," पेनर म्हणाले. "मला वाटलं, दोष आमच्याकडचाच. शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडलो. 'तुमच्या नांगराखाली घरटी चिरडतात,' असं म्हणत नाही नाही ते बोललो त्यांना. एकाने माझ्या शब्दाखातर बापजाद्यांचं शेत पडीक टाकलं." ते एलॉडीकडे वळले. "आणि काल तुमच्यावर संशय घेतला. माझ्या मनात आलं होतं, हिला सगळं माहीत असणार. मला माफ करा."

एलॉडीचे कान तापले. तिचे ओठ हलले. पेनर वाट बघत होते.

"असू द्या," ती म्हणाली.

पेनर उठले. "हा हंगाम कापावा लागेल, तेओजेन. फोन करतो."

तेओजेनने नुसती मान हलवली. जाळीचं दार आपटलं. पाठोपाठ ओविदही एलॉडीकडे न बघता बाहेर पडला.

तेओजेनने पातेल्यात डाव फिरवून बदकाची तंगडी शोधली आणि लेकीच्या वाडग्यात घातली. ती लहानपणी आजारी पडली की घालायचा, तशीच. मग खुर्ची जवळ ओढून तो हलक्या आवाजात म्हणाला,

"तुला नोकरी लागली त्या नाताळात तूच सांगितलंस ना, वाळे कळवू नका म्हणून? एकदाही नाही कळवले. मग आमचं चुकलं कुठे, पोरी?"