मास्तर थांबतो

मास्तर पुन्हा थांबला. रिंगणाच्या बरोबर मध्यावर, चारही पाय जमिनीत रोवून. खोगिरावर बसलेल्या घोडेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पाठीवर असताना एवढ्या दिवसांत कधी नाही, आणि याला आजच हे सुचायचं होतं?

कुंपणापासून चांगलं लांब खुर्ची टाकून बुटांच्या कारखान्याच्या मालकीणबाई बसल्या होत्या. खुर्ची पुढे घेऊ का, असं घोडेवालीच्या काकांनी अगदी अजिजीनं विचारलं होतं. "इथे बरं आहे," एवढंच उत्तर. मास्तरला भरवायला म्हणून गाजर पुढे केलं, तर बाईंनी ते ड्रायव्हरच्या हातात ठेवलं. गाडीतून खुर्चीपर्यंत येतानाही त्या एकेक पाऊल तोलून टाकत, जागेचा भाव ठरवत असल्यासारख्या आल्या होत्या. आजवर घोडेस्वारी शिकवणारे जे जे मदत मागायला गेले, त्या सगळ्यांना बाईंनी असंच लांबून बघून वाटेला लावलं होतं. ही बातमी काकांनीच आणली आणि पुतणीची झोप उडवली.

बाई हो म्हणाल्या तर कारखान्याचं नाव रिंगणावर लागणार होतं, आणि जागेचं भाडं, दाणापाणी, डॉक्टर, सगळ्याचीच सोय होणार होती. नाही म्हणाल्या तर फाटकाबाहेर दलालाचा ट्रक उभाच होता. काकांनी त्याला शब्द देऊन ठेवला होता. त्यांनाही ते गोड लागत नव्हतं, पण घोडा काही हवेवर जगत नाही. दलाल घोडे विटांच्या गाड्यांना जुंपायला विकायचा. तिथे थांबणाऱ्या घोड्याला चाबूक मिळतो. आणि मास्तरला तर तिनं थांबायलाच शिकवलं होतं.

तेच तिचं काम होतं. घोड्याला घाबरणाऱ्या माणसांना ती घोड्यावर बसायला शिकवायची. घाबरलेलं माणूस आधी श्वास धरतं, मग लगाम आवळतं, आणि एखादा साधा घोडा नेमका तेव्हाच उधळतो. मास्तर मात्र पाठीवरचा श्वास अडकला की उभा राहायचा, तो सुटेपर्यंत ढिम्म हलायचा नाही. पण एवढ्या मोठ्या बाईंसमोर नुसता उभा राहिलेला घोडा काय दाखवायचा? म्हणून तिनं चारचौघांसारखा कार्यक्रम बसवला. दुडकी चाल, मग दौड, शेवटी अडथळ्यावरून उडी. सगळ्यांचा विचार केला, स्वतःच्या छातीचा तेवढा करायचा राहिला. सकाळपासून तिला धड श्वास घेता येत नव्हता.

बाई उठल्या. "बघितलं," त्या म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या.

घोडेवाली खाली उतरली. गप्प बसली असती तर निदान अब्रू तरी राहिली असती.

"चूक त्याची नाही, बाई. मी घाबरलेय. घाबरलेल्या माणसाला घेऊन तो पुढे जात नाही. मीच तसं शिकवलंय त्याला."

काकांनी कपाळाला हात लावला.

बाई थांबल्या. "कुणीही घाबरलेलं असलं तरी?"

"कुणीही."

"आणि तोंडावर दाखवलं नाही तर?"

"मला कळणार नाही कदाचित. त्याला कळतं."

बाईंनी पर्स ड्रायव्हरकडे दिली. "मला बसव."

ड्रायव्हरचा आ वासला तो वासलेलाच राहिला. काकांनी धावत जाऊन पायरीचं स्टूल आणलं. ते डावीकडे ठेवायला गेले, तर बाई म्हणाल्या, "उजवीकडे." घोड्यावर डावीकडून चढतात हे काका बाईंना सांगणार होते, पण पुतणीनं डोळे मोठे केले. बाई चढल्या. पाठ ताठ, चेहरा दगडाचा. लगाम हातात आला.

मास्तर हलेना.

काकांनी त्याला चुचकारलं. मग गळ्याला थोपटलं. मग हळूच तोंडाशी धरून ओढायला गेले. "ओढू नका, काका," ती कशीबशी म्हणाली. फाटकापाशी दलालानं ट्रकचा मागचा फळका खाली पाडला, त्याचा आवाज इथपर्यंत आला. हलला नाही तर खेळ खलास. बाईंचा चेहरा तर जराही हलला नव्हता. एवढ्या निवांत बसलेल्या माणसाला घेऊन हा का जात नाही? शिकवलेलं सगळं विसरला की काय?

काहीतरी करायचं म्हणून तिनं रिकीब नीट करायला हात घातला. रिकिबीत बाईंचा बूट थडथड उडत होता.

तिनं मान वर केली. मग ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "बाई, श्वास सोडा."

बराच वेळ काही झालं नाही. मास्तरनं एक कान मागे वळवला आणि वाट बघत राहिला. मग बाईंचे खांदे एकदम खाली आले, आणि आत कोंडलेलं काहीतरी हुंदक्यासारखं बाहेर पडलं.

मास्तर चालू लागला.

एक फेरी झाली. घोडेवाली लगामाला हात न लावता बाजूनं चालत होती. दुसऱ्या फेरीला बाईंनी एक हात सोडून मास्तरच्या आयाळीवर ठेवला. तिसऱ्या फेरीला फाटकाकडे बघून त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "त्या ट्रकवाल्याला सांग, जा म्हणावं. इथला घोडा विकायचा नाही." काका मटकन स्टुलावर बसले.

घोडेवालीला रडू फुटलं होतं. ते लपवायला म्हणून तिनं विचारलं, "तुम्ही आधी कधी घोड्यावर बसला होतात, बाई?"

बाईंनी डाव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"एकदा. लहान होते," त्या म्हणाल्या. "तो थांबला नाही."